पंचेचाळीस माणसांतला सेटर कसा ओळखायचा?

प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचं, वर्कशॉप आहे. अठरा मशीन, दोन पाळ्या, पंचेचाळीस माणसं. बाहेरून आणलेला सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा माणूस, सहा महिन्यांत चाकणला निघून जातो. म्हणून सगळ्यांत जास्त पीस काढणाऱ्या ऑपरेटरला सुपरवायझर केलं, तर पाळीही बिघडली आणि तो माणूसही. आता आहेत त्यांच्यातूनच दोन सेटर आणि एक शिफ्ट सुपरवायझर तयार करायचे आहेत. कोणात ते आहे, हे ओळखायचं कसं?

निवड करताना तुम्ही पाळीमागे निघालेले पीस पाहिले. हा आकडा खरा असतो, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. काम सुरळीत चालू असताना माणूस किती न थकता, न चुकता चालतो एवढंच त्यातून कळतं. सेटरचं काम सुरू होतं ते मशीन अडल्यावर आणि सुपरवायझरचं सुरू होतं ते माणसं अडल्यावर. शिवाय त्या आकड्यात माणूस अर्धाच असतो. नवं मशीन, पाच हजारांची बॅच आणि दिवसपाळी मिळालेला ऑपरेटर जुन्या मशीनवर रात्री पन्नास-पन्नासचे जॉब चालवणाऱ्यापेक्षा नेहमीच पुढे दिसणार. ही चूक फक्त भोसरीत होते असंही नाही. अमेरिकेतल्या विक्री विभागांवर ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपन्या सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती देत होत्या आणि बढतीआधीची विक्री जितकी जास्त, तितकी त्या व्यवस्थापकाच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी कमी, असं त्यात दिसलं.

तेव्हा माणूस बघायचा तो काम अडतं त्या वेळी. मशीन बंद पडणं, पहिला पीस नापास होणं, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी कड) तुटणं, पाळी बदलणं, नवं ड्रॉइंग हातात येणं, या वेळा धरा. एरवी आठ तास मशीनसमोर उभं राहून बघितलंत तरी सगळे सारखेच दिसतील.

सुरुवात कागदांपासून करा, कारण ते आत्ताच तुमच्या कपाटात आहेत. मागच्या तीन महिन्यांच्या तपासणीच्या शीट काढा. समजा २५ एच७ चा बोअर (जॉबमधलं गोल भोक) आहे, म्हणजे मर्यादा २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. बोअरिंग बारचा इन्सर्ट जसा झिजतो तसा बोअर लहान होत जातो, त्यामुळे खऱ्या मोजमापात आकडे हळूहळू उतरताना दिसले पाहिजेत: २५.०१६, २५.०१३, २५.००९. आता शीट बघा. काहींच्या शीटवर अख्ख्या पाळीत २५.०१० च सापडेल. त्यांनी मोजलेलं नाही, भरलेलं आहे. काहींचे आकडे खरे आहेत, उतरतही आहेत, पण २४.९९८ झाल्यावर क्वालिटीवाल्याने येऊन मशीन थांबवलंय. हा माणूस मोजतो, पण वाचत नाही. आणि दोन-चार शीट अशा निघतील की आकडा २५.००५ च्या आसपास आल्यावर आधीच ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) दिल्याची खूण आहे, पुढचा आकडा परत २५.०१५ च्या जवळ. एखाद्याने पाळीच्या सुरुवातीच्या आकड्यांपुढे 'मशीन गार' असंही लिहिलेलं असेल. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पुण्याच्या थंडीत स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) गरम होईपर्यंत माप सरकतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. त्याने ते टिपलंय. ही नावं वहीत उतरवून घ्या. त्यांचा हुद्दा काय, शिक्षण किती, कायम आहेत की कंत्राटी, हे या टप्प्यावर बघू नका.

दुसरा कागद रिजेक्शनचा. रिजेक्शन कोणाच्या मशीनवर झालं एवढंच बहुतेक ठिकाणी लिहितात. त्यात एक रकाना वाढवा: चूक पकडेपर्यंत किती पीस गेले. इन्सर्टची कड तुटणं कोणाच्याही हातून होतं. एक जण दुसऱ्या पीसला थांबतो, दुसऱ्याचे चाळीस पीस पेटीत पडलेले असतात. महिन्याचं एकूण रिजेक्शन दोघांचं सारखं निघेल, पण पहिल्याचा कान मशीनकडे आहे. वर्कशॉपमध्ये 'आवाज बदलला' म्हणणारा माणूस फार मोलाचा. मात्र हा रकाना दंडासाठी वापरलात तर आठ दिवसांत सगळ्यांचे आकडे दोन आणि तीन होतील, आणि मग त्या कागदाचा काही उपयोग उरणार नाही. रकाना कशासाठी आहे ते पहिल्याच दिवशी सांगा आणि तो शब्द पाळा.

मग पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जणांना, एकेकट्याला, एकच प्रश्न विचारा: मशीन अडलं आणि सेटर जागेवर नसला तर कोणाला हाक मारता? दोन नावं घ्या. लगेच पुढचं विचारा: शेवटचं कधी मारलीत, आणि काय अडलं होतं? हा दुसरा प्रश्न सोडू नका. लातूरचा लातूरवाल्याचं नाव घेतो, बिहारचा बिहारवाल्याचं, रूम पार्टनर रूम पार्टनरचं. प्रसंग विचारला की यारी-दोस्तीतली नावं गळतात, कारण त्यांच्यापाशी प्रसंग नसतो. उरलेल्या नावांपुढे रेघा ओढा. ज्याच्यापुढे पाच-सहा रेघा पडल्या आणि जो तुमच्या मनातल्या यादीत नव्हता, तिथून शोध सुरू होतो. या कामाला माणशी पाच मिनिटं लागतात, म्हणजे सगळी मिळून पावणेचार तास. दोन दिवसांत, दोन्ही पाळ्यांत उरका. लांबवलंत की लोक आपापसांत उत्तरं ठरवून येतात.

माणसं कुठे दडलेली असतात त्याच्या काही जागा ठरलेल्या आहेत. रात्रपाळी ही पहिली. रात्री सेटर नसतो, साहेब नसतो, स्टोअरला कुलूप असतं. तरी सकाळी मशीन चालू सापडतं, म्हणजे कोणीतरी ते चालू केलंय. लॉगबुकमध्ये 'दोनला अलार्म आला, अडीचला चालू' एवढंच लिहिलेलं असतं. मधल्या अर्ध्या तासात कोणी काय केलं ते विचारा. दुसरी जागा डीबरिंगचं (पीसवर उरलेली धारदार कड, म्हणजे बर, काढण्याचं) आणि तपासणीचं टेबल. तिथे बऱ्याचदा महिला असतात आणि त्यांना कोणीही सेटिंगसाठी विचारात घेत नाही. बर कोणत्या बाजूला येतोय यावरून कोणत्या मशीनचा इन्सर्ट संपत आलाय, हे त्यातल्या एखादीला ऑपरेटरच्या आधी कळतं. तिसरी जागा म्हणजे 'रिकाम्या जागेवरचा' माणूस. कोणी सुट्टीवर गेलं की ज्याला तिथे उभं करतात तो. त्याचं स्वतःचं मशीन नसल्यामुळे त्याचा उत्पादनाचा आकडा कायम कमी दिसतो. पण अठरापैकी बारा मशीन त्याच्या हाताखालून गेलेली असतात. चौथी, खिशातली डायरी. ऑफसेट, अलार्म नंबर, जी-कोड, कोणत्या जॉबला कोणता जॉ (जॉब पकडणारा जबडा), असं स्वतःपुरतं लिहून ठेवणारा माणूस असेल तर त्याला शोधा आणि डायरी दाखवशील का म्हणून विचारा. ती हिसकावून झेरॉक्स काढू नका.

आणि तक्रार करणारा. 'कूलंट बेकार आहे' ही कुरकुर झाली. 'शुक्रवारी कूलंटला वास येतो, कारण गुरुवारी लाइट नसते, पंप बंद राहतो आणि वर तेल साचतं' ही तक्रार नाही, हे निदान आहे. ते बरोबरच असेल असं नाही, पण कारणाची साखळी जोडायची सवय त्यात दिसते, आणि सेटरला नेमकी तीच लागते. असल्या माणसांना 'फार बोलतो' म्हणून बाजूला ठेवायची आपल्याकडे रीत आहे. ती महागात पडते.

या सगळ्यातून आठ-दहा नावं येतील. आता प्रत्येकाचं निरीक्षण करा: वीस-वीस मिनिटांची किमान चार, वेगवेगळ्या पाळ्यांत, आणि चारही अडचणीच्या वेळची. लिहिताना विशेषणं वर्ज्य. 'हुशार आहे', 'ॲटिट्यूड चांगला', 'थोडा स्लो' असं काही लिहायचं नाही. काय घडलं, त्याने पहिलं काय केलं, काय मोजलं, कोणाला काय विचारलं, शेवटी काय झालं, एवढंच. निरीक्षण दोघांनी करावं, एक तुम्ही आणि एक क्वालिटीचा माणूस, आणि एकमेकांचं न बघता लिहावं. महिन्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे भांडू नका, त्या माणसाला आणखी दोनदा बघा.

यापुढची पायरी बहुतेक मालक गाळतात, आणि निवड तिथेच फसते: कामाचा नमुना करून घेणं. मुलाखतीत 'किती वर्षांचा अनुभव' विचारण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा कामाचा नमुना सर्वांत वरच्या पद्धतींत होता आणि अनुभवाची वर्षं बरीच खाली. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते गणित नव्याने मांडून बरेच आकडे कमी केले, ठरावीक प्रश्नांची मुलाखत वर आणली; अनुभवाची वर्षं मात्र तळाशीच राहिली. 'दहा वर्षं या लाइनमध्ये आहे' याचा अर्थ कधी दहा वर्षांचं शिक्षण असतो, कधी एकाच वर्षाची दहा आवर्तनं.

नमुना दीड तासाचा, तीन भागांत.

पहिला भाग टेबलावर, वीस मिनिटं. बंद झालेल्या एखाद्या जॉबचं ड्रॉइंग आणि प्रोसेस शीट द्या. शीटमध्ये मुद्दाम तीन चुका पेरा: टॉलरन्समध्ये दशांशाची जागा, क्लॅम्पिंगची बाजू, टूल नंबर. इंग्रजी येत नसेल तर शेजारी बसून शब्द वाचून दाखवा. तुम्ही इंग्रजीची परीक्षा घेत नाही आहात. तीनपैकी क्लॅम्पिंगची चूक ज्याने पकडली त्याला जॉब डोळ्यांपुढे उभा करता येतो.

दुसरा भाग दोष शोधण्याचा, चाळीस मिनिटं. इथे कटिंग अजिबात करायचं नाही. फिनिशिंगला ०.४ ऐवजी ०.८ नोज रेडियसचा (टोकाच्या गोलाईचा) इन्सर्ट लावून आधीच कापलेले दोन पीस द्या आणि सांगा, जोडीचा पार्ट खांद्यावर नीट बसत नाही, का ते शोध. डायमीटर सगळे बरोबर निघतील. कोपऱ्यातली गोलाई मोठी आहे हे त्याला सापडलं पाहिजे. मग मशीनवर, स्पिंडल बंद ठेवून आणि सेटर शेजारी उभा करून, जॉब आणि जॉची टेकणारी कड यांच्यामध्ये एक बारीक चिप ठेवा. चक, म्हणजे जॉ बसवलेला फिरता भाग, हाताने फिरवून फेसला (जॉबच्या सपाट तोंडाला) डायल गेज लावायला सांगा. फेस मारतोय, म्हणजे फिरताना मागेपुढे होतोय, आता काय करशील? गुण वेगाला देऊ नका. मोजायच्या आधीच हात घातला तर एक. मोजलं, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोन. एकेक गोष्ट बदलत कारणापर्यंत गेला तर तीन. कारण सापडलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं हेही बोलला तर चार. एकदम दोन गोष्टी बदलण्याची खोड वरवर किरकोळ वाटते, पण पहाटे तीनला ती सगळ्यात जास्त नुकसान करते: मशीन चालू होतं, कशामुळे चालू झालं ते कोणालाच कळत नाही, आणि चार दिवसांनी तोच दोष परत येतो.

तिसरा भाग शिकवण्याचा. एका हेल्परला बोअर गेज वापरायला पंधरा मिनिटांत शिकव, असं सांगा. रिंग गेजवर झिरो करणं, बोअरमध्ये गेज डोलवणं, सगळ्यात कमी आकडा घेणं. तुम्ही मागे उभे राहा आणि गेज कोणाच्या हातात आहे तेवढंच बघा. पंधरापैकी बारा मिनिटं गेज शिकवणाऱ्याच्या हातात असेल तर तो सेटर होईल, सुपरवायझर होणं अवघड. हेल्परच्या हातात गेज देऊन, तो चुकत असतानाही दहा सेकंद गप्प राहू शकणारा माणूस सापडला तर त्याला जपा.

इथे तुम्हाला कायद्याचीही मदत होते. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. तुमच्याकडे जास्तीत जास्त सहा बसतात. औंध आयटीआयमधून येणाऱ्या या मुलांकडे स्वस्तातले हेल्पर म्हणून बघू नका. तुमच्या निवडलेल्या दोघा-तिघांच्या हाती एकेक मुलगा सोपवा आणि तीन महिन्यांनी त्या मुलाला काय येतं ते तपासा. सुपरवायझरकीची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या मुकादमांना शिकवण्यासाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम होता. शिकणाऱ्याला आलं नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही, असा त्याचा नियमच होता. चार पायऱ्या होत्या: माणसाला तयार करा, करून दाखवा आणि सांगा, त्याच्याकडून करून घ्या आणि त्याला बोलतं करा, मग अधूनमधून तपासत राहा. भोसरीत बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीनंतर 'समजलं ना?' होतं आणि विषय संपतो.

निवड झाली, आता काम कसं द्यायचं. पहिलं सेटिंग सेटर करेल आणि उमेदवार हातात शीट धरून प्रत्येक पायरी बोलून दाखवेल. दुसरं उमेदवार करेल, सेटर नुसता बघेल. तिसरं तो एकटा करेल, सेटर फक्त पहिला पीस तपासेल. त्यानंतर किमान दहा सेटिंग होईपर्यंत निकाल लावू नका. जॉ बदलून बोअर करणं, टूल लावणं, ऑफसेट घेणं, पहिला पीस पास करणं, हे मुरलेला सेटर दीड तासात करत असेल तर नवा माणूस तीन तास घेणार. म्हणून स्टॉक हाताशी असलेला जॉब निवडा. फसतं ते इथेच. नेहमीचा सेटर गावाला गेला, गाडी उभी आहे, ग्राहकाचा फोन चालू आहे, अशा दिवशी 'आज तू कर' म्हणतात. तीन तास लागतात, आरडाओरडा होतो, आणि त्याच्यात दम नाही असा शिक्का बसतो. तो शिक्का पुढची पाच वर्षं निघत नाही.

सेटर घडतो सेटिंग करून. पाच हजारांच्या बॅचवर महिन्याला एक सेटिंग मिळतं. तीस-पन्नासच्या बॅचवर आठवड्याला चार. म्हणजे ज्या जॉबना तुमच्याकडे सगळे 'डोकेदुखी' म्हणतात, तीच तुमची शाळा आहे. दोन उमेदवारांना तीन महिने तिथेच ठेवा. माणसांमध्ये दडलेलं शोधताना कामात दडलेलंही असं हाती लागतं. आठवड्याला चार सेटिंग, प्रत्येकी नव्वद मिनिटं, म्हणजे सहा तास. यातलं मशीन थांबवल्याशिवाय होणार नाही असं काय, आणि मशीन चालू असताना आधीच करून ठेवता येईल असं काय, याची यादी उमेदवाराकडूनच करून घ्या. पुढच्या जॉबचे जॉ, इन्सर्ट, गेज आणि ड्रॉइंग एका ट्रेमध्ये आधी काढून ठेवणं, एवढ्यावरही बराच वेळ सुटतो. नव्वदची पन्नास मिनिटं झाली तर आठवड्याला १६० मिनिटं मशीन जास्त चालतं. शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटातल्या हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं, ते याच विभागणीतून. तीन मिनिटांचं स्वप्न तुम्ही बघू नका, पण ती यादी मात्र करा.

तसंच जुगाडांचं. बुधवारी संध्याकाळी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, तासभर फ्लोअरवर फिरा आणि फक्त जुगाड मोजा: ट्रेखाली घडी घालून ठेवलेला पुठ्ठा, जॉला लावलेला रबराचा तुकडा, पॅनेलवर मार्करने लिहिलेला आकडा, सुतळीने बांधलेलं कूलंटचं नोझल. यातलं काहीही लगेच काढून टाकू नका. प्रत्येक जुगाड म्हणजे कोणीतरी एक अडचण ओळखली, कारण शोधलं आणि पदरच्या सामानात उपाय केला, याची पावती आहे. कोणी केलं, का केलं, ते विचारा. पुठ्ठ्यामागे पीसवर पडणारा चरा निघेल, रबरामागे पातळ भिंतीचा जॉब दाबला जाणं निघेल. काही जुगाड धोक्याचे असतात, विशेषतः दरवाज्याचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी कळ) बांधून ठेवलेला असेल तर तो त्याच क्षणी सोडवायचा, चर्चा नंतर. बाकीच्यांपैकी दोन-तीन पक्क्या फिक्श्चरमध्ये उतरवा आणि प्रोसेस शीटवर ते सुचवणाऱ्याचं नाव लिहा.

आपला डोळा कुठे फसतो हेही सांगायला हवं. केबिनच्या जवळच्या मशीनवरचा माणूस जास्त दिसतो. चांगलं मराठी किंवा हिंदी बोलणारा जास्त समजूतदार वाटतो. ओडिशाचा मुलगा गप्प असतो तो अडाणी म्हणून नव्हे, भाषा अडते म्हणून. आपल्या गावचा, आपल्या समाजाचा माणूस विश्वासू वाटतो. कंत्राटी माणसाकडे तर बघतच नाही, कारण 'तो कुठे आपला आहे'. आणि तीन वर्षांपूर्वी ज्याने चक आदळवला होता तो आजही 'चक आदळवणारा' असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये बढती नाकारली गेली होती. पुढे १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी करताना त्यांनी शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांमधला इंजिनिअर हेरला, शाळेत यश न मिळालेल्या के. के. कुलकर्णींकडे माणसांचा आणि पैशाचा कारभार दिला, आणि शिक्षा भोगलेल्या माणसांना वसाहतीची राखण सोपवली. कागदावरच्या शिक्क्याआड माणूस बघायची ही नजर महाराष्ट्रातल्या कारखानदारीच्या पायातच आहे, म्हणून ती हरवलेली दिसली की वाईट वाटतं.

पैशाचा मुद्दा स्पष्ट बोला, कारण चांगली माणसं बढतीला 'नको' म्हणतात ते बहुधा याच्यामुळे, आणि आपण त्यांना महत्त्वाकांक्षा नाही असं समजतो. समजा ऑपरेटरचा पगार १८,००० आहे. २६ दिवस, आठ तास धरले तर तासाला साधारण ८६ रुपये ५० पैसे. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, म्हणजे १७३. महिन्याला तीस तास केले तर जवळपास ५,२००. सुपरवायझर झाल्यावर ओव्हरटाइम बंद आणि पगारवाढ ३,५००, तर घरी नेण्याच्या रकमेत सतराशेची घट झाली. वर वीस मिनिटं आधी यायचं, म्हणजे मोशी किंवा आळंदीहून येणाऱ्याने एक बस आधीची पकडायची. हे गणित त्याच्यासमोर कागदावर मांडा आणि त्याचं नुकसान होणार नाही असा आकडा ठरवा. ज्याला माणसं सांभाळायची नाहीत त्याच्यासाठी सेटर, मग प्रोग्रॅमर, अशी दुसरी शिडी ठेवा, तिथलाही पगार सुपरवायझरइतका जाऊ शकतो असं लेखी सांगा. ज्याला कागदाची अडचण आहे त्याला हेही सांगा की दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

सुपरवायझरची नेमणूक सहा आठवड्यांच्या चाचणीवर करा. तीनच मशीन, चारच माणसं. भत्ता पहिल्या दिवसापासून. परत मशीनवर जावंसं वाटलं तर जाता येईल आणि ती पदावनती धरली जाणार नाही, हे सगळ्यांदेखत सांगा. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बसा आणि एकच विचारा: या आठवड्यात कोणाला काय सांगणं जड गेलं? जुन्या मित्राला उशिराबद्दल बोलणं, वयाने मोठ्या माणसाला शीट नीट भर म्हणणं, नवा सुपरवायझर इथेच मोडतो, ड्रॉइंगवर नाही. ज्यांची निवड झाली नाही त्यांनाही त्याच आठवड्यात बोलवा आणि तुमच्या वहीतला घडलेला प्रसंग दाखवून कारण सांगा. 'पुढच्या वेळी बघू' म्हणू नका. आणि पंचेचाळीसमधून दोन-तीनच निघाले तर निराश होऊ नका, प्रत्येकात सेटर दडलेला नसतो. पण ज्याच्यात नाही त्याच्यात तपासनीस असेल, स्टोअर चोख ठेवणारा असेल, आणि त्या जागाही तुमच्याकडे रिकाम्या आहेत असं समजून बघा.

आता तुमचा तो जुना ऑपरेटर, ज्याला सुपरवायझर केलं आणि जमलं नाही. हे काम आधी करा, बाकी सगळं नंतर. तो आज कोपऱ्यात बसून आहे आणि बाकीचे चव्वेचाळीस जण त्याच्याकडे बघून ठरवतायत की बढती घेतली तर काय होतं. त्याला केबिनमध्ये बोलवा, चहा मागवा आणि सांगा की चूक निवडीची होती, आणि ती निवड तुमची होती. पगार कमी करू नका. त्याच्यातलं सातत्य हा खरा गुण आहे. तो वापरायला मोठ्या बॅचच्या चार मशीनची जबाबदारी द्या, इन्सर्टचं आयुष्य मोजायचं काम द्या, म्हणजे किती पीसला कड बदलायची याचा पक्का तक्ता त्याच्या हातून तयार होईल. हे काम चंचल माणसाला जमत नाही, त्याला जमेल. आणि त्याची नवी जबाबदारी पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असताना, तुम्ही स्वतः उभं राहून जाहीर करा.